ज्या गेमनंतर बाकीचे गेम वेगळे दिसू लागले

रातपाखरू :

आवडता गेम कोणता, हा प्रश्न सोपा आहे. त्याचं उत्तर दर दोन वर्षांनी बदलतं आणि बदललं तरी काही बिघडत नाही. मला विचारायचंय ते वेगळं आहे. असा एखादा गेम, जो खेळून झाल्यावर पुढच्या प्रत्येक गेमकडे तुम्ही काहीतरी मागायला लागलात. तो तुमचा लाडका असेलच असं नाही. अर्धाच खेळून सोडला असेल तरी चालेल. पण त्याने तुमची नजर बदलली असली पाहिजे.

माझ्यासाठी तो गेम म्हणजे 'थीफ : द डार्क प्रोजेक्ट'. लुकिंग ग्लास स्टुडिओजचा, १९९८ सालचा. तोवर नायकाच्या डोळ्यांतून दिसणारा गेम म्हणजे हातात बंदूक आणि समोर राक्षस, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. १९९३ च्या 'डूम'ने ते बसवलं होतं आणि माझी त्याबद्दल काही तक्रारही नव्हती. 'थीफ'मध्ये तलवार मिळते, पण दोन पहारेकरी एकदम समोर आले की गॅरेटचं, म्हणजे आपल्या चोराचं, काही खरं नसतं. मग लपायचं. स्क्रीनच्या तळाशी एक रत्न असतं. उजेडात उभे राहिलात की ते उजळतं, अंधारात सरकलात की काळवंडतं. मशाल आड येत असेल तर पाण्याचा बाण मारून ती विझवायची. गालिच्यावर पाऊल वाजत नाही, फरशीवर वाजतं आणि लोखंडी पत्र्यावर तर अख्ख्या वाड्याला कळतं. तिथे शेवाळाचा बाण मारून पायाखाली मऊ करून घ्यायचं आणि मग पुढे जायचं.

एका दाराला कान लावून मी किती वेळ उभा होतो, ते अजून आठवतं. पलीकडे पहारेकरी स्वतःशी पुटपुटत येरझारा घालत होता. तो लांब गेला, आवाज बारीक झाला, मग मी दार उघडलं. पडद्यावर तोवर काहीच हललं नव्हतं. सगळा खेळ कानात चालला होता. त्या दिवसापासून गेम नवीन घेतला की मी आधी ऐकतो. पावलांचे आवाज सगळीकडे एकसारखे असले की माझं मन तिथेच उडतं.

दुसरी गोष्ट काठिण्यपातळीची. बहुतेक गेममध्ये 'कठीण' निवडलं की शत्रूला मारायला जास्त गोळ्या लागतात, एवढंच. 'थीफ'मध्ये पातळी वाढवली की कामं बदलतात. जास्त ऐवज लुटायचा, कधी एखादं जादा काम, आणि सगळ्यात वरच्या पातळीला माणसाचा जीव घ्यायचा नाही. तोच वाडा, तेच पहारेकरी, पण तुमच्याकडून आता अधिक सफाईची अपेक्षा. मला हे फार सन्मानाचं वाटलं.

मग २००२ साली 'मॉरोविंड' आला आणि राहिलेली कसर त्याने भरून काढली. तिथे नकाशावर वाट दाखवणारा बाण नाही. गावातला माणूस तोंडी रस्ता सांगतो. नदीच्या काठाने जा, पूल लागेल तो ओलांडू नको, डाव्या अंगाला टेकडी दिसेल, अशा धर्तीवर. ते रोजनिशीत उतरतं आणि तुम्ही निघता. चुकता. भलत्याच थडग्यात शिरता. सुरुवातीच्या गावाबाहेर एक जादूगार किंचाळत आभाळातून पडतो आणि मरतो. त्याच्याजवळ उंच उडी मारायच्या जादूच्या गुंडाळ्या सापडतात. मीही त्यातली एक वाचून उडी मारली, अर्धं बेट ओलांडलं, आणि खाली येताना लक्षात आलं की तो कशाने मेला. जादू उडीची होती, उतरण्याची नव्हती. गेमने मला अडवलं नाही, की आधी सूचना दिली नाही. पुरावा समोर पडला होता, तो वाचायचं काम माझं होतं.

तेव्हापासून गेमकडे माझी मागणी एकच : खेळणाऱ्याला अक्कल आहे, हे धरून चाला. चार वर्षांनी 'ऑब्लिव्हियन' आला, त्यात होकायंत्रावर बाण होता. मी बाणाकडे बघत चाललो आणि तास झाला तरी त्या देशातलं एक झाड मला आठवेना. मला त्याचं खरंच वाईट वाटलं.

तुमचा गेम कोणता? आणि त्याने तुम्हाला काय मागायला शिकवलं, तेही लिहा. नुसती नावं नकोत.

अबोली :

+१. ती उडी मीही मारली होती. दुसऱ्या वेळी पाण्यावर उतरले आणि वाचले. :)

दीपमाळ :

मी तुमच्यापेक्षा थोडा मागे जातो. 'प्रिन्स ऑफ पर्शिया', १९८९. तो बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चौकट काढली. म्हणून तो राजपुत्र माणसासारखा पळतो. थांबायला सांगितलं तर लगेच थांबत नाही, घसरतो. कडेला बोटांवर लोंबकळतो. हाती वेळ साठ मिनिटं, तीही खऱ्या घड्याळाची.

पण मला घडवलं ते आरशाने. चौथ्या पातळीत वाटेत एक आरसा येतो. त्यातून पळत उडी मारण्यावाचून गत्यंतर नाही. मारली की आरशातून तुमची सावली बाहेर पडते आणि उलट्या दिशेला निघून जाते. पुढे ती तुमच्या आधी औषधाची कुपी पिऊन टाकते, तोंडावर दार लावते. शेवटाकडे ती तलवार घेऊन समोर येते. तोवर तलवारवाला समोर आला की लढायचं, हे बोटांत भिनलेलं असतं. तुम्ही वार करता आणि रक्त तुमचं कमी होतं. पुन्हा वार, पुन्हा तेच. मग कधीतरी तलवार म्यान करायचं सुचतं. सावलीही म्यान करते. तुम्ही चालत तिच्या अंगावर जाता आणि दोघे एक होता.

एक अक्षर लिहिलेलं नाही, कोणी काही बोलत नाही. मी त्या वेळी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या. गोष्ट सांगायला मध्येच खेळ थांबवून दहा मिनिटांचं चलच्चित्र दाखवतात, तेव्हा मला तो आरसा आठवतो. कळा तर माझ्याच हातात आहेत, मग गोष्ट त्यांच्यातून का सांगत नाही?

रातपाखरू :

दीपमाळ, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. तलवार म्यान करायची सोय ठेवली आहे, ती गेमभर जवळजवळ कामाची नसते आणि एका ठिकाणी सगळं तिच्यावर येतं. हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

तिसरा डाव :

इथे गोष्टीवाल्या गेमचीच चर्चा दिसते, म्हणून दुसऱ्या टोकाचा एक. 'एज ऑफ एम्पायर्स २', १९९९.

मी बरीच वर्षं तो संगणकाविरुद्ध खेळायचो. भिंती बांधायच्या, आत शेती करायची, मोठं सैन्य जमवायचं आणि एकदाच निघायचं. मग पहिल्यांदा माणसाविरुद्ध खेळलो आणि माझी भिंत पुरी व्हायच्या आत समोरच्याचे भालाईत माझ्या लाकूडतोड्यांत शिरले होते. हरलो त्याचं दुःख नव्हतं, का हरलो ते कळत नव्हतं याचं होतं. त्या डावाची नोंद ठेवलेली होती, ती मी समोरच्याच्या बाजूने पाहिली. एक गावकरी तयार व्हायला पंचवीस सेकंद लागतात आणि पन्नास अन्न. गावकरी जिथे तयार होतात ते त्याचं नगरकेंद्र एक क्षणही रिकामं नव्हतं. माझं बराच वेळ रिकामं होतं, कारण मी भिंत कुठे बांधू याचा विचार करत बसलो होतो. तो हुशार होता म्हणून जिंकला असं नाही. माझ्यापेक्षा त्याची माणसं जास्त होती आणि ती का जास्त होती, हे मोजून सांगता येत होतं.

तेव्हापासून मी हरल्यावर कारण मागतो. घोडदळ आलं तर भाले, तिरंदाज आले तर भालाफेके, हे उघड नियम आहेत. मी चुकलो तर माझी चूक मला दाखवता आली पाहिजे. ज्या गेममध्ये हार-जीत पडद्याआड ठरते, किंवा जास्त वेळ घालवणाऱ्याला थेट जास्त ताकद मिळते, तो कितीही देखणा असो, माझ्याच्याने खेळवत नाही. या गेमची नवी आवृत्ती २०१९ साली आली आणि मी अजूनही त्यात दर आठवड्याला हरतो. दर वेळी का हरलो ते मला माहीत असतं.

निळाई :

'डार्क सोल्स', २०११. नाव वाचूनच काही जण 'आला, कठीण गेमवाला आला' म्हणतील, पण मला काठिण्याबद्दल बोलायचंच नाही. (आली, खरं तर.)

सुरुवातीला हातात तलवारीची तुटकी मूठ असते आणि पहिलाच मोठा दरवाजा उघडला की समोर भिंतीएवढा राक्षस. मी पंधरा वेळा तरी मेले. तोवरच्या सगळ्या गेमनी मला शिकवलं होतं की राक्षस समोर ठेवला म्हणजे तो मारायचा. मग एकदा घाबरून पळताना डाव्या बाजूचं दार दिसलं. ते पहिल्यापासून उघडं होतं. आत गेल्यावर शस्त्र मिळतं आणि फिरून वरच्या सज्जावर आलात की तोच राक्षस खाली उभा असतो आणि आता उडी तुमची असते.

रातपाखरू, तुमच्या बाणाच्या मुद्द्याला धरून एक सांगते. यात मेल्यावर शेकोटीपाशी पुन्हा उठतो, पण निम्मा गेम होईपर्यंत एका शेकोटीवरून दुसरीकडे झटकन जाता येत नाही. सगळं पायी. म्हणून जग पाठ होतं. चर्चमधून खाली जाणारा लिफ्टसारखा एक पाळणा सापडतो, त्यात उभं राहायचं, खाली येतं ते थेट सुरुवातीच्या शेकोटीपाशी. जिथून तासन्‌तास जीव मुठीत धरून चढत गेले होते ती जागा! मी त्या शेकोटीपाशी नुसती बसून राहिले. नंतरच्या भागांत पहिल्यापासूनच शेकोटीहून शेकोटीवर जाता येतं. सोय झाली. पण तसा पाळणा मला पुन्हा भेटला नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती लिहिली नाही तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. या गेमने मला पुढची तीन-चार वर्षं बिघडवलं. जिथे मरण स्वस्त आहे असे सगळे गेम मी मनातून बाद केले. मैत्रीण एकेका गेमबद्दल भरभरून सांगायची आणि मी ऐकून घ्यायचे, खेळायचे नाही. त्यातले काही मी आत्ता खेळतेय आणि ते सुंदर आहेत. चव घडते तशी ती आडवीही येते.

वाटसरू :

मला इथे थोडं वेगळं बोलायचंय. रातपाखरू, तुमचं सगळं वाचलं, मनापासून लिहिलंय तुम्ही. पण बाण असला की खेळणाऱ्याला अक्कल नाही असं धरलंय, हे काही पटलं नाही.

मला दिवसाकाठी चाळीस मिनिटं मिळतात. तीही रोज नाही. घरात लहान मूल आहे, ते झोपल्यावर. पाच दिवसांनी गेम उघडला की मी कुठे होतो, कोणाला भेटायला निघालो होतो, काही आठवत नाही. तोंडी सांगितलेला रस्ता शोधण्यात चाळीस मिनिटं गेली आणि गुहा सापडलीच नाही, तर त्या आठवड्यात मी काहीच खेळलो नाही असं होतं. बाण मला म्हणतो, तू इथे होतास, तिकडे जायचं होतं. मला ती आपुलकी वाटते.

माझा घडवणारा गेम विचाराल तर 'शॅडो ऑफ द कोलोसस', २००५. सोळा महाकाय प्राणी, बाकी सगळा प्रदेश रिकामा. आणि तिथे चक्क बाण आहे! तलवार उन्हात वर धरली की तिच्यावरून किरण निघतात आणि जिकडे जायचं तिकडे ते एकवटतात. मी त्या किरणांमागे घोडा पळवला, पण झाडंही पाहिली आणि दऱ्याही. एकेक प्राणी मारल्यावर विजयाचं संगीत वाजत नाही, शोकाचं वाजतं. पहिला पडला तेव्हा मी थबकलो, तिसऱ्यानंतर पुढे जावंसं वाटेना. जिंकल्याचा आनंद न देणारा गेम असू शकतो, हे मला तिथे कळलं. वाट दाखवली म्हणून त्यातलं काही कमी झालं नाही.

रातपाखरू :

वाटसरू, तुमचा मुद्दा मला लागला, आणि बरोबर ठिकाणी लागला. मी वेळेचा विचारच केला नव्हता. 'मॉरोविंड' खेळलो तेव्हा माझ्याकडे अख्ख्या रात्री होत्या.

त्या किरणांबद्दल मात्र म्हणेन की ते मला चालतात, कारण ते त्या जगातले आहेत. तलवार वर धरायला थांबावं लागतं, सावलीत असाल तर उन्हात यावं लागतं. म्हणजे वाट विचारणं हीसुद्धा एक कृती आहे. २०२० च्या 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'मध्ये वारा वाट दाखवतो, गवत जिकडे झुकेल तिकडे जायचं. तिथे माझी नजर गवतावरच राहिली. माझं भांडण वाट दाखवण्याशी नसून नजर जगावरून उचलून कोपऱ्यातल्या ठिपक्यावर नेण्याशी आहे, हे तुमच्यामुळे मला आत्ता नीट मांडता आलं.

अबोली :

पण मग बाण बंद करायची सोय असते की. 'असॅसिन्स क्रीड ओडिसी'त सुरुवातीलाच विचारतात.

रातपाखरू :

हो, तिथे ते जमलंय, कारण माणसं बोलताना खुणा सांगतात : अमुक प्रांत, तमुक गावाच्या पूर्वेला. पण बऱ्याच गेममध्ये बाण आहे असं धरूनच संवाद लिहिलेले असतात. बाण बंद केला की माणूस नुसता म्हणतो, 'तुझ्या नकाशावर खूण केली आहे'. मग जायचं कुठे? नंतर बंद करून भागत नाही, लिहिणाऱ्याने आधीपासून तसं लिहावं लागतं.

खडूफळा :

मी छोटे गेम बनवते, म्हणून माझा प्रतिसाद जरा त्या बाजूने.

लोकांना वाटतं विश्वास ठेवणं म्हणजे मदत न करणं. मलाही तसंच वाटायचं. माझ्या पहिल्या गेममध्ये मी काहीच समजावलं नव्हतं आणि ज्यांना तो खेळायला दिला ते सगळे पहिल्या पाच मिनिटांत अडकले. मग मी 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची पहिली पातळी पुन्हा खेळले, १९८५ ची, आणि वहीत लिहीत गेले. पहिला शत्रू काही पावलांवर येतो. उडी मारली नाही तर मरता, पण नुकसान जेमतेम काही सेकंदांचं. मग ठोकळा, त्यातून मशरूम. ते उजवीकडे जातं, नळाला आपटतं आणि तुमच्या अंगावर परत येतं. डोक्यावर ठोकळे असल्याने ते चुकवणं अवघड. ते लागतं, मारिओ मोठा होतो आणि कळतं की ही वस्तू चांगली. एवढं शिकवलं आणि शिकवतोय हे जाणवू दिलं नाही. (सगळा गेम चाळीस किलोबाइटचा. त्यातले ढग आणि झुडपं हे एकच चित्र आहे, रंग तेवढा वेगळा.)

पण मला खरं हलवलं ते २०१८ च्या 'सेलेस्ट'ने. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही काही क्षण उडी मारता येते. जमिनीला टेकण्याआधी जरा लवकर कळ दाबली तरी टेकताक्षणी उडी बसते. छताच्या कोपऱ्याला डोकं जरासं घासलं तर गेम तुम्हाला हळूच बाजूला सरकवतो. खेळणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, फक्त आपण नेमकी उडी मारली असं वाटतं. इतका कठीण गेम आणि आतून इतका प्रेमळ! शिवाय वेग निम्म्यापर्यंत कमी करायची सोय उघडपणे दिली आहे. माझ्या उजव्या हाताची बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत. मी वेग कमी करून शिखर गाठलं आणि गेमने मला त्याबद्दल एका शब्दानेही कमी लेखलं नाही. तेव्हापासून कोणताही गेम उघडला की मी आधी पर्यायांचं पान बघते. तिथे किती विचार केलाय, त्यावरून बनवणारे कोण आहेत ते मला कळतं.

निळाई :

खडूफळा, मशरूमचं वाचून अंगावर काटा आला. मी आयुष्यभर समजत होते की ते मी आपणहून पकडलं.

तिसरा डाव :

पर्यायांच्या पानाबद्दल पूर्ण सहमत. रंग ओळखू न येणाऱ्या मित्राबरोबर खेळतो, दोन्ही बाजूंचे रंग बदलता येत नसतील तर आम्हा दोघांसाठी तो गेम संपला.

अबोली :

माझं राहिलंच होतं. 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन', २०१८. लुकास पोपने जवळजवळ एकट्याने केलेला. जहाजावर साठ जण होते, प्रत्येकाचं नाव आणि त्याचं काय झालं ते शोधायचं. उत्तर बरोबर की चूक हे एकेक करून कळत नाही, तिघांचं बरोबर आलं की मगच पक्कं होतं. त्यामुळे ठोकताळा चालत नाही. मी लोकांचे बूट बघितले, कोण कोणाशेजारी झोपतो ते बघितलं, कोणाची बोली कशी आहे ते ऐकलं. नंतर आलेल्या कितीतरी गुप्तहेरी गेममध्ये पुराव्यावर बोट ठेवलं की नायक स्वतःच निष्कर्ष बोलून दाखवतो. अरे, तो माझा निष्कर्ष होता!

एकच खंत. हा गेम दुसऱ्यांदा खेळता येत नाही. उत्तरं माहीत असतात. 'आउटर वाइल्ड्स'चं (२०१९) तसंच. बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो, तुम्ही पुन्हा पहिल्या क्षणाला जागे होता. हत्यार नाही, ताकद वाढत नाही. मागच्या फेरीतून पुढे येतं ते फक्त तुम्हाला कळलेलं. वाटसरू, हा तुम्ही खेळाच. बाण नाही, पण तुमच्या पाच दिवसांच्या खंडाचं उत्तर त्यात आहे. जास्त सांगत नाही.

वाटसरू :

अबोली, काल रात्री सुरू केला, आज हे लिहायलाच आलो.

यानात एक नोंदवही आहे. मी काय काय पाहिलं ते ती स्वतः मांडून ठेवते, कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीला जोडलेली आहे त्याच्या रेघा काढते. आणि एखाद्या जागी काही राहून गेलं असेल तर तिथे एवढंच लिहिते की इथे अजून शोधण्यासारखं आहे. काय आहे, कुठे आहे, काही नाही. मी पाच दिवसांनी उघडला तरी मी कुठे होतो ते मला कळेल आणि पुढचं मात्र माझं मलाच शोधावं लागेल. चाळीस मिनिटांत जवळजवळ दोन फेऱ्या होतात.

पहिल्या फेरीत मी एका ग्रहावर उतरलो आणि पायाखालची जमीन तुकड्या-तुकड्याने आत कोसळायला लागली. दुसऱ्या फेरीत मुद्दाम तिथेच गेलो, जमीन पडायच्या आत भिंतीवरचं लिखाण वाचून काढलं. शेवटच्या ओळीत एका जागेचा उल्लेख होता. तिकडे निघालो तोच आकाश लाल व्हायला लागलं.

आज रात्री थेट तिकडेच जाणार आहे. तिथे काय आहे ते कृपया कोणीही लिहू नका.